दोन प्रियकर आणि वेताळाचा प्रश्न

तरुण वाचकांसाठी लिहिलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांत गेली काही वर्षे एक मांडणी वरचेवर दिसते. सोळा-सतरा वर्षांची एक साधी मुलगी आणि तिच्यावर जीव टाकणारे दोघे. त्या दोघांपैकी निदान एक तरी माणूस नसतो. कधी तो रक्त पिऊन जगणारा व्हॅम्पायर असतो, कधी लांडग्याचे रूप घेणारा. मी मावळातल्या वडिवळ्यात राहते. आमच्याकडच्या मुली कामशेतहून लोकल धरून कॉलेजला जातात आणि जाता-येता मोबाइलवर हेच चित्रपट पाहतात. त्यांच्या आया मला विचारतात, हे भुताखेतांच्या प्रेमाचे खूळ आले तरी कुठून? आज त्याविषयीच थोडे बोलू.

या प्रकारातले सर्वांत गाजलेले पुस्तक म्हणजे अमेरिकन लेखिका स्टेफनी मेयर यांचे 'ट्वायलाइट'. ते 2005 साली आले आणि 2008 पर्यंत त्याचे आणखी तीन भाग निघाले. त्यातली नायिका बेला एका पावसाळी गावात राहायला येते आणि एडवर्डच्या प्रेमात पडते. तो दिसतो सतरा वर्षांचा, पण जन्मला आहे 1901 साली आणि 1918 च्या तापाच्या साथीत व्हॅम्पायर झालेला आहे. दुसऱ्या भागात एडवर्ड तिला सोडून जातो. तेव्हा तिला आधार देतो तो जेकब, म्हणजे लांडगा होणारा मुलगा. एकाचा देह थंडगार, दुसऱ्याचा ऊबदार. एक कधी म्हातारा होणार नाही, दुसऱ्याबरोबर माणसासारखा संसार करता येईल. वाचक मुलींचेही दोन तट पडले, एक एडवर्डचा आणि दुसरा जेकबचा.

लेखिका दोन नायक का आणते, हे समजून घेतले पाहिजे. एकच नायक असेल तर प्रश्न एवढाच उरतो की दोघांचे जमणार की नाही. दोन नायक आले की प्रश्न बदलतो. मला कसे आयुष्य हवे आहे, हे नायिकेला ठरवावे लागते. अमानवी प्रियकरामुळे त्या निवडीची किंमत डोळ्यांना दिसेल एवढी मोठी होते. एडवर्डची व्हायचे तर बेलाला स्वतः व्हॅम्पायर व्हावे लागणार, आईवडिलांपासून दूर जावे लागणार, पुन्हा माणूस होता येणार नाही. आपल्याला हे फार परके वाटायला नको. लग्न झाले की घर, आडनाव, कधीकधी पहिले नावसुद्धा बदलणारी मुलगी आपण प्रत्येक मांडवात पाहतो. व्हॅम्पायर होण्याची गोष्ट आपल्या पोरींना का भिडते, याचे एक उत्तर मला यात दिसते.

आणि हे खूळ बाहेरून आले म्हणावे, तर आपल्याच फडताळात पाहावे. महाभारतातली दमयंती आठवा. रघुनाथ पंडितांनी ती मराठीत घरोघरी पोहोचवली. तिच्या स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघे देव नळाचेच रूप घेऊन बसले. समोर पाच नळ! दमयंतीने खरा नळ ओळखला तो कशावरून? त्याला घाम आला होता, त्याच्या पापण्या लवत होत्या, त्याची सावली पडत होती, गळ्यातली माळ कोमेजली होती आणि पाय जमिनीला टेकले होते. म्हणजे मर्त्य माणसाच्या ज्या खुणा, त्याच तिने वराच्या खुणा मानल्या. बेला अमर प्रियकर निवडते, दमयंतीने चार देव सोडून मरणारा माणूस निवडला.

वेताळ पंचविशीत तर असे तिढे कितीतरी आहेत. एका गोष्टीत मुलगी मरते. तिला मागणी घातलेल्या तिघांपैकी एक तिच्या राखेवर झोपतो, दुसरा अस्थी गंगेला नेतो, तिसरा मंत्र मिळवून तिला जिवंत करतो. मग नवरा कोण? विक्रम राजा सांगतो, जिवंत करणारा बाप ठरला, अस्थी नेणारा मुलगा ठरला, राखेवर झोपला तोच नवरा. दुसऱ्या एका गोष्टीत नवऱ्याचे आणि भावाचे डोके एकमेकांच्या धडावर बसते. त्याच बीजावरून पुढे गिरीश कार्नाडांनी 1971 मध्ये 'हयवदन' लिहिले. कार्नाडांचा जन्म आपल्या डोंगररांगेतल्याच माथेरानचा. हे नाटक विजया मेहता यांनी मराठी रंगभूमीवर आणले. त्यातल्या पद्मिनीला एकाची बुद्धी आणि दुसऱ्याचे शरीर हवे असते.

'ट्वायलाइट' आले त्याच 2005 साली अमोल पालेकरांचा 'पहेली' हा हिंदी चित्रपट आला. तो विजयदान देथा यांच्या राजस्थानी कथेवर आहे. लग्न होताच नवरा व्यापाराला निघून जातो आणि एक भूत त्याचे रूप घेऊन घरात येते. पण ते आपण कोण हे बायकोला आधी सांगते आणि निर्णय तिच्यावर सोडते. मला ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. नवऱ्याने तिला विचारले नव्हते, भुताने विचारले.

आता काळजीचा मुद्दा. एडवर्ड बेलाच्या नकळत रात्री तिच्या खोलीत येऊन तिला झोपेत पाहत बसतो. तिने कुणाला भेटावे हेही तो ठरवू पाहतो. जेकब तिची इच्छा नसताना तिचे चुंबन घेतो. पुस्तकात हे सारे उत्कट प्रेमाच्या खात्यात जमा होते. आपल्याकडे मुलीचा पाठलाग करणाऱ्याला 'एकतर्फी प्रेम' हा गोड शब्द मिळतो आणि नकार दिल्याबद्दल मुलींवर हल्ले होतात. 2013 पासून आपल्या कायद्याने पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा मानला आहे. पण कायद्याला जे कळले ते गोष्टी वाचणाऱ्या मुलीला आणि मुलालाही कळले पाहिजे. रक्षण आणि पाळत यांत फरक आहे.

म्हणून काय पुस्तके काढून घ्यायची? माझे मत तसे नाही. काढून घेतलेले पुस्तक मुले लपून वाचतात, आणि मग त्याविषयी बोलायला घरात कुणी उरत नाही. त्यापेक्षा वेताळाची रीत बरी. गोष्ट पुरी झाली की तो प्रश्न विचारतो आणि उत्तर माहीत असून गप्प राहाल तर डोक्याची शकले होतील म्हणतो. आपण एवढा धाक घालू नये, पण प्रश्न जरूर विचारावेत. या दोघांपैकी कोण तिला विचारतो? तिने नाही म्हटले तर कोण ऐकून घेतो? एकाला निवडताना ती काय गमावते, आणि तिच्यासाठी तो काय सोडतो?

आणखी एक प्रश्न मी मुद्दाम विचारते. तिने दोघांनाही नकार दिला तर? एका मुलीने मला लगेच उत्तर दिले, मग गोष्टच संपेल. मी म्हटले, का संपेल? तिची स्वतःची गोष्ट तिथून सुरू होईल. वरमाला हातात असताना दमयंतीने घाई केली नाही. पाचही चेहरे नीट पाहिले, पाय कुणाचे जमिनीवर आहेत ते पाहिले आणि मगच पाऊल उचलले. आपल्या मुलींना तेवढा वेळ आणि तेवढा अधिकार मिळाला, तर त्यांनी व्हॅम्पायरच्या कितीही गोष्टी वाचाव्यात. मला त्याची भीती वाटत नाही.