परसबाग केवढी असावी?

जालना तालुक्यातील एका खेड्यात आम्ही नवे घर बांधले, तेव्हा मागे अर्धा गुंठा जागा मोकळी राहिली. मृगाच्या तोंडावर सगळीच खणली. भेंडी, गवार, दोडका, वांगी लावली. श्रावणात शेजाऱ्यांना वाटण्याइतकी भाजी निघाली. पुढच्या एप्रिलमध्ये मात्र विहिरीने तळ गाठला आणि बाग डोळ्यांदेखत वाळली. चूक मातीची नव्हती, हिशेबाची होती.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर उंचीचे पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. उभ्या बाजूंच्या डब्यात पाणी भरून तो उन्हात ठेवा आणि रोज ठरावीक वेळी पट्टीने पातळी मोजा. आपल्याकडे थंडीत दिवसाला साधारण ४, तर मे महिन्यात १० मिलिमीटरच्या आसपास पाणी उडून जाते. दाट वाढलेला वाफाही जवळपास तेवढेच पाणी मागतो. अर्धा गुंठा म्हणजे सुमारे ५० चौरस मीटर. मेमध्ये त्याला रोज ५०० लिटर हवेत!

आमच्या पाच माणसांच्या आंघोळीचे आणि भाज्या-धान्य धुतल्याचे पाणी भरते १०० लिटर. म्हणजे पावसाळ्यात सगळी जागा, हिवाळ्यात २५ आणि उन्हाळ्यात १० चौरस मीटर, एवढीच आमची बाग. कपडे धुतलेले पाणी मात्र वाफ्यात सोडू नये. साबण-सोड्यातील सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि पाणी मुरेनासे होते.

काळी माती ओली झाली की फुगते, कारण तिच्या कणांच्या थरांमध्ये पाणी शिरते. वाळली की भेगाळते. पावसाळ्यात मुळांभोवती पाणी साचून त्यांना हवा मिळत नाही, म्हणून गादीवाफे करावेत. उन्हाळ्यात सपाट वाफे करून त्यांवर सोयाबीनचा भुसा किंवा पालापाचोळा पसरावा. बाष्पीभवन घटते, भेगाही कमी पडतात. कुंपणाला शेवगा लावावा. एकदा मूळ खोल गेले की तो फारसे पाणी मागत नाही.

२०१२ च्या दुष्काळात जिल्ह्यातील कित्येक गावे टँकरवर होती. अशा वर्षी वापरलेल्या पाण्यावर जगलेला मेथीचा एक वाफाही घराला मोठा आधार असतो.

वर्गातील मुलांना घरच्या सांडपाण्याच्या बादल्या मोजायला सांगा. आलेल्या लिटरांना डब्यातल्या मिलिमीटरांनी भागले, की प्रत्येकाच्या परसबागेचे क्षेत्रफळ वहीत उतरेल. कुदळ त्यानंतर हाती घ्यावी.