बुर्साच्या रेशीम बाजारात जळालेला धागा

मुलीने तिकिटे काढून दिली म्हणून 2023 च्या ऑक्टोबरात मी आणि बेगम इस्तंबूलला सुट्टीवर गेलो. सुट्टी असली तरी कापडवाल्याचा हात कापडाकडेच जातो. चौथ्या दिवशी बुर्सा पाहायचे ठरले. एमिनोनू धक्क्यावर बोट सुटायला अवकाश होता, तेवढ्यात बेगमने जवळच्या एका दुकानातून तीन स्कार्फ घेतले. दुकानदार म्हणाला, अस्सल रेशीम. मीही हात फिरवून होकार दिला. तीस वर्षांचा अनुभव ना!

ही बोट आपल्या भाऊच्या धक्क्यावरच्या लाँचसारखी उघडी नाही. बंद काचा, एसटीसारख्या ओळीने खुर्च्या. मार्मारा समुद्र ओलांडून मुदान्या बंदर गाठायला सुमारे दोन तास लागतात. तिथून बुर्सा बसने तीसेक किलोमीटर.

बुर्सा ही उस्मानी सुलतानांची जुनी राजधानी. 1326 मध्ये त्यांनी ती जिंकली. माझ्या मनात एखाद्या निवांत कसब्याचे चित्र होते. बसमधून दिसले ते कारखाने. मोटारी आणि कापड, दोन्ही धंदे इथे जोरात आहेत. पाट्या रोमन लिपीतल्या, वाचून काही कळेना. पण कान दिले तर उर्दू शाळेतले शब्द भेटू लागले. दुकान, हिसाब, सरमाया. कापडाला ते 'कुमाश' म्हणतात. हा शब्द मी शाळा सुटल्यापासून ऐकला नव्हता.

कोझा हान ही दुमजली सराय सुलतान बायजीद दुसरा याने 1491 मध्ये पुरी केली. कोझा म्हणजे रेशमाचा कोष. दुकानांचे भाडे इस्तंबूलमधील त्याच्या मशीद-मदरशाच्या खर्चासाठी वक्फ होते. मधल्या चौकात हौद आणि त्यावर खांबांवर उभी छोटी मशीद. पूर्वी इथे कोषांच्या राशी विकल्या जात. आज रेशमी कापडाची दुकाने आणि झाडांखाली चहा.

वरच्या मजल्यावर एका वृद्ध दुकानदाराला मी खुणेने विचारले, अस्सल कशावरून? त्याने स्कार्फच्या कडेचा एक धागा ओढून लायटरने पेटवला. केस जळाल्याचा वास आला, राख बोटांत चुरली. मग बेगमने पिशवीतून सकाळचा स्कार्फ काढून पुढे केला. त्याचा धागा वितळला आणि टोकाला काळा, कडक मणी झाला. साफ पॉलिएस्टर! दुकानदार काही बोलला नाही, आमच्यासाठी चहा मागवला. बेगम मात्र हसली, ''गिऱ्हाइकाला कसे वाटते ते आज कळले ना?''

ती का हसली ते मला ठाऊक होते. मालेगावात माझ्या दुकानात 'आर्ट सिल्क'चे दुपट्टे असतात. आर्ट म्हणजे कृत्रिम, हे आम्हा व्यापाऱ्यांना माहीत. गिऱ्हाईक 'सिल्क' एवढेच ऐकते आणि आम्ही गप्प राहतो. खोटे बोललो नाही, एवढेच समाधान. धक्क्यावरचा दुकानदार निदान उघड खोटे बोलला.

परतीच्या बोटीत मी फारसा बोललो नाही. घरी आल्यावर बिलबुकात एक रकाना वाढवून घेतला : धागा कोणता. लग्नसराईत दुपट्ट्यांची विक्री कमी झाली. दोन जुनी गिऱ्हाइके समोरच्या गाळ्यात गेली, कारण तिथे तोच माल अजून 'सिल्क' आहे. रकाना मी ठेवला आहे.