कयाक-नौकेंतून समुद्रांत गरविणें : नवशिक्यानें आधीं काय शिकावें

भातकापणी व झोडणी उरकली म्हणजे कोंकणपट्टीच्या शेतकऱ्यास थोडी सवड मिळते, आणि त्याच दिवसांत समुद्रही निवळलेला असतो. ज्यांच्या माडाच्या बागा किंवा खाजणें पाण्यास लागून आहेत, अशा कित्येक घरांत अलीकडे कयाक नांवाची लहान नौका आली आहे. तिच्यांत एकट्यानें बसून गळ टाकतां येतो, इंजिन लागत नाहीं, तेल लागत नाहीं, आणि दोघांनीं उचलून ती बैलगाडींतून किनाऱ्यावर नेतां येते. हा छंद चांगला आहे, व घरच्या ताटांत ताजा मासा येतो हा लाभ वेगळाच. परंतु नौका विकत घेणारा बहुधा मासा कसा धरावा एवढेंच विचारतो. परत कसें यावें हें विचारीत नाहीं. म्हणून या लेखांत आम्ही मुख्यतः परत येण्याविषयींच लिहिणार आहों.

कयाक ही मूळची ग्रीनलंड व उत्तर अमेरिकेचा अतिथंड किनारा येथील इन्युइट लोकांची शिकारीची नौका होय. लांकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून ते ती करीत. आपल्याकडे गरविण्यासाठीं जी मिळते ती प्लॅस्टिकची, आंतून पोकळ व वर बसावयाची असते. लांबी सुमारें १० ते १३ फूट, रुंदी अडीच फुटांच्या आसपास, वजन २५ ते ३५ किलो. बसण्याच्या जागीं आरपार भोंकें असतात व वर आलेलें पाणी त्यांतून आपोआप खालीं जातें. आपल्या पगारास असते तशी उलांडी हिला नसते. म्हणून तोल सांभाळण्याचें काम बसणारानेंच करावयाचें असतें. ती चालविण्यास दोन्ही टोकांस पातें असलेलें एकच वल्हें लागतें.

आमचा स्वतःचा एक अनुभव येथें सांगणें अवश्य वाटतें. मार्गशीर्षांतील एका सकाळीं समुद्र ताटांतल्या पाण्यासारखा स्वस्थ पाहून आम्हीं नौका लोटली. गळ टाकून बसलों. वल्हें हातीं घेण्याचें कारणच पडलें नाहीं. अर्ध्या तासानें मान वळवून पाहतों तों किनाऱ्यावरचे माड काडीएवढे दिसूं लागले होते. परत येण्यास आम्हांस दीड तास लागला, तळहात सोलले, व प्यावयाचें पाणी संपलें. लाट नव्हती, वादळ नव्हतें. आम्हांस नेलें तें मंद मतलई वाऱ्यानें.

हा वारा नीट समजून घेतला पाहिजे. हिवाळ्यांत रात्रीं जमीन लवकर निवते व समुद्र ऊबदार राहतो, म्हणून पहांटेपासून वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्याजवळ झाडांच्या व डोंगराच्या आडोशास तो जाणवत नाहीं, पाणी गुळगुळीत दिसतें, आणि नवशिका फसतो. पुढें गेल्यावर आडोसा संपतो व वारा पाठीशीं लागतो. दुपारीं याच्या उलट होतें : तापलेल्या जमिनीकडे समुद्रावरून खारा वारा सुटतो. तो माणसास घराकडेच ढकलतो हें खरें, पण त्याबरोबर लाटा वाढतात आणि किनाऱ्यास लागणें कठीण होतें. नवशिका तासास फार तर चार-पांच किलोमीटर जातो. समोरून जोराचा वारा असला तर तेवढेंही अंतर कटत नाहीं. यासाठीं आमचा नियम असा कीं, निघाल्याबरोबर प्रथम पांच मिनिटें वल्हें आडवें ठेवून स्वस्थ बसावें व नौका कोठें वाहते तें किनाऱ्यावरील दोन खुणा जुळवून पाहावें. ती बाहेर जात असेल, तर त्या दिवशीं खाडींतच गरवावें. जाण्यांत एक-तृतीयांश शक्ति खर्चावी, येण्यासाठीं एक-तृतीयांश राखावी, आणि उरलेली संकटासाठीं शिल्लक ठेवावी.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. ही विद्या आपल्या पंचांगांतच आहे. तिथीचा अंक पाऊणपट केला म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते, हा हिशेब किनाऱ्यावरच्या वृद्धांस तोंडपाठ असतो. चतुर्थीस चारांची पाऊणपट तीन, म्हणून भरती सुमारें तीन वाजतां. अष्टमीस सहा वाजतां. पौर्णिमा किंवा अमावास्या यांस पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. भरतीनंतर सुमारें सहा तासांनीं ओहोटी पूर्ण होते. हा हिशेब स्थूल आहे. खाडींत जसजसें आंत जावें तसतशी भरती उशिरां पोंचते. नक्की वेळ पाहिजे तर भारतीय सर्वेक्षण विभागाचीं छापील कोष्टकें पाहावींत.

पाणी सहा तासांत सारख्या गतीनें चढत किंवा उतरत नाहीं. पहिल्या तासांत एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यांत दोन भाग, तिसऱ्या व चौथ्या तासांत तीन-तीन भाग, पांचव्यांत दोन व सहाव्यांत एक, असा त्याचा क्रम असतो. अर्थात् मधल्या दोन तासांत ओढ सर्वांत जबर. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असतें व ओढ अधिक; अष्टमीनंतर भांग असते व ओढ कमी. आतां वाचकांनीं दोन्ही हिशेब एकत्र करून पाहावे. नवमी, दशमी व एकादशी या तिथींस भांगेचे दिवस असून सकाळची पूर्ण भरती पावणेसात ते सव्वाआठच्या दरम्यान येते. म्हणजे ओढ थोडी, पाणी भरलेलें, आणि वेळ सकाळची. शुक्ल असो वा कृष्ण, प्रत्येक पक्षांतले हे तीन दिवस नवशिक्यानें आपले मानावे. पूर्ण भरतीच्या तासभर आधीं खाडींत उतरावें व नंतर तासाभरांत वर यावें. फार रेंगाळल्यास चिखलांत अडकण्याची पाळी येते. खाडीच्या मुखाशीं मात्र ओहोटीच्या वेळीं जाऊं नये. तेथें बाहेर जाणारा लोट व समोरून येणारा वारा यांची गांठ पडून उभ्या लाटा उठतात.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट : पडल्यावर पुन्हां चढणें. पडणार नाहीं असा कयाकवाला नाहीं. विहिरींत सूर मारणाऱ्यास वाटतें, आपणांस पोहतां येतें, मग भय कशाचें? पण विहिरीस कांठ जवळ असतो. समुद्रांत ओली नौका हाच कांठ. नांगर धरणाऱ्या दंडांत बळ असलें तरी युक्तीवांचून त्या कांठावर चढतां येत नाहीं. युक्ति अशी : नौका उलटी झाली असेल तर तळावरून हात पलीकडे नेऊन दूरची कड धरावी व अंग मागें टाकून ती सुलटी करावी. मग बैठकीच्या बाजूस येऊन पाय पाण्यांत मारीत अंग आडवें करावें व पोटावर नौकेंत ओढून घ्यावें. नंतर कूस बदलून बैठक टेकावी, आणि शेवटीं पाय आंत घ्यावेत. आधीं पोट, मग बैठक, मग पाय, हा क्रम ध्यानांत ठेवावा. छातीभर पाण्यांत एक सोबती जवळ उभा करून ही कसरत करावी. पुढें पाय न टेकणाऱ्या पाण्यांत, अंगावर पूर्ण पोषाख व जाकीट असतां करावी. लागोपाठ पांच वेळां चढतां येईपर्यंत गळाची काठी घरींच ठेवावी, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. पडल्यावर नौका सोडून किनाऱ्याकडे पोहत जाऊं नये; नौका तरंगते व दुरून दिसते, माणसाचें डोकें दिसत नाहीं.

किनाऱ्यास लागतांना लाटा फुटत असतील तर आधीं काठ्या बांधून ठेवाव्यात, मोठ्या लाटांचा गट जाऊं द्यावा, आणि एका लाटेच्या पाठीवरून, नाळ सरळ किनाऱ्याकडे ठेवून यावें. नौका आडवी झाली कीं ती उलटलीच समजावें. उलटल्यास आपण समुद्राच्या बाजूस राहावें. नौका व किनारा यांच्यामध्यें उभें राहूं नये. लाटेनें फेकलेली नौका पाय मोडूं शकते.

आतां साहित्य. तरंगविणारें जाकीट अंगावर बांधलेलें असावें, नौकेंत ठेवलेलें नव्हे. वल्ह्यास दोरी, गळ्यांत शिटी, कमरेस सुरी, पुरेसें पाणी, टोपी, व पाणी न शिरणाऱ्या पिशवींत मोबाईल हीं असावींत. निघण्यापूर्वीं मागचें बूच व झांकण घट्ट आहेत कीं नाहीं हें पाहावें. पोकळींत शिरलेलें पाणी दिसत नाहीं, पण तें एका बाजूस धांवून नौका उलटवितें. नांगर पहिल्या हंगामांत नकोच. वाहत्या पाण्यांत तो बाजूस बांधला तर नौका कलते. एकाच माणसानें एकच काठी वापरावी. शिंगाळ्याचे कांटे व पाकटाच्या शेपटीचा कांटा विषारी असतो. असला मासा मांडीवर घेऊं नये, दोरी कापून सोडून द्यावा.

निघण्याच्या आदल्या दिवशीं हवामान खात्याची मच्छीमारांसाठीं असलेली सूचना व हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज पाहावा. घरीं कोणास तरी निघण्याची जागा व परतण्याची वेळ सांगावी. ती वेळ टळल्यास त्यानें भारतीय तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवावें. ओळखपत्र बरोबर असावें. परवान्याविषयीं मत्स्यव्यवसाय खात्याच्या स्थानिक कचेरींत आधीं चौकशी करावी; राज्यांत १९८१ चा सागरी मासेमारीचा कायदा लागू आहे, आणि मालवणास १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तेथील निर्बंध पाळावे लागतात. ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत समुद्रांत कयाक घालूंच नये. नारळी पौर्णिमा झाली म्हणून समुद्र या लहान नौकेपुरता शांत झाला असें होत नाहीं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

शेवटीं एक सूचना. गांवच्या कोळी, गाबीत किंवा खारवी बांधवांस विचारल्यावांचून पाण्यांत उतरूं नये. कोणत्या खडकामागें भोंवरा आहे, जाळ्यांचे बोये कोठें आहेत, हें त्यांस ठाऊक असतें. त्यांच्या जाळ्यांपासून दूर राहावें. तें त्यांचें पीक आहे. आपल्या उभ्या शेतांतून कोणी चाललें तर आपणांस जसें वाटेल तसेंच त्यांस वाटतें. शेतकरी आभाळ पाहून पेरणी पुढें ढकलतो व त्यांत कमीपणा मानीत नाहीं. वारा पाहून नौका परत घरीं नेणाऱ्यानेंही तो मानूं नये. मासा पुढच्या दशमीसही तेथेंच असतो.