जनावराची जात निवडताना आधी पाणी मोजा

धंद्यात चार पैसे साठले की शहराजवळ दोन-तीन एकर जमीन घ्यावी, दारी गाय किंवा घोडी बांधावी, असे आपल्यापैकी पुष्कळ व्यापारी व कारागीर बंधूंना वाटते. विचार चांगला आहे. पण कापड भरताना आपण गिऱ्हाईक आणि हंगाम पाहतो. जनावर घेताना मात्र रूपावर भुलतो. आम्ही स्वतः हीच चूक केली. सोलापूरकडच्या कोरडवाहू जमिनीवर संकरित होल्स्टीन गाय आणली. थंडीत दूध भरपूर होते. एप्रिलमध्ये ती धापा टाकू लागली, दूध निम्म्यावर आले आणि सारा नफा टँकरच्या पाण्यात गेला.

म्हणून आधी पाणी व चारा पाहावा, मग जात. सोलापूर, सांगली, साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात खिलार टिकते; बैल चपळ, पण गायीला दूध बेताचे. नाशिक-अहिल्यानगरच्या डोंगराळ, मुसळधार पावसाच्या भागात डांगी घ्यावी. तिची कातडी तेलकट आणि खूर टणक असतात. लातूरची देवणी दूध व ओढकाम दोन्हींना चालते. संकरित गाय दूध जास्त देते, पण सावली, हिरवा चारा आणि बारमाही पाणी असेल तरच.

घोडा केवळ हौसेसाठी घेऊ नये. वरातीचे किंवा सवारीचे नक्की काम असेल तरच घ्यावा. कोरड्या, उष्ण मुलखात मारवाडी व काठियावाडी जाती टिकतात; दख्खनचे भीमथडी तट्टू काटक असते. घोडा रवंथ करीत नाही, त्याचे पोट लहान असते. त्याला दिवसभर थोडे थोडे खायला द्यावे. एकदम धान्य घातले तर पोटशूळ उठून जिवावर बेतते.

बाजारात आधी दात पाहावेत. गायीबैलांना पहिले दोन कायमचे दात सुमारे २ ते अडीच वर्षांनी येतात. खरेदीची पावती व वाहतुकीचे कागद जपून ठेवावेत.

शेवटची गोष्ट महत्त्वाची. २०१५ पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी आहे. म्हातारा बैल विकून रक्कम सुटेल, हा जुना हिशेब आता धरू नये. त्याच्या म्हातारपणाची वैरणही पहिल्याच दिवशी खर्चात मांडावी. एवढे करूनही शिल्लक दिसत असेल, तरच दावणीला जनावर बांधावे.