कुकडीकांठचा बैलगाडा

जुन्नर तालुक्यांतील बोरी बुद्रुक हें गांव पंडितांच्या जगांत कुकडीकांठच्या राखेमुळें ओळखलें जातें. तेथील थरांत ज्वालामुखीची राख सांपडली. ती सुमात्रा बेटावरील टोबाच्या सुमारें ७४ हजार वर्षांपूर्वींच्या महास्फोटाची, कीं त्याहून कितीतरी प्राचीन, यावर विद्वानांचा मोठा वाद झडला. आदिमानवाचीं दगडी हत्यारेंही येथें मिळालीं. परंतु चैत्र उजाडला म्हणजे या पंचक्रोशींतील माणसाला ना राख आठवत, ना हत्यारें. त्याला आठवतो तो घाट. आणि जुन्नर-आंबेगांवकडे ज्यांचीं मूळ घरें आहेत अशा आमच्या शहरवासी वाचकांचीं मुलेंही यात्रेला जाण्याचा हट्ट धरून बसतात.

घाट म्हणजे येथें डोंगरांतील वाट नव्हे. गांवाबाहेरच्या माळावरील चढती धांवपट्टी, तो घाट. वर्षभर तेथें शेळ्या चरतात. यात्रेच्या आधीं दगड वेंचून, माती दाबून तो सारखा करतात. सातारा-सांगलीकडे अनेक गाड्या एकमेकींशीं चुरस करीत धांवतात व गाडीवर हांकणारा असतो; आमच्याकडील रीत निराळी. येथें एका वेळीं एकच गाडा सुटतो, आणि त्याची स्पर्धा घड्याळाशीं असते. हलक्या सांगाड्याला दोन जोड्या, एकीपुढें एक, अशा चार बैलांनीं जुंपतात आणि त्यांच्याही पुढें एक घोडी, स्वारासह, वाट दाखवीत निघते. जुंपतांना सातआठ धट्टेकट्टे गडी बैलांना धरून असतात. हात सुटले कीं ‘भिर्रर्र’ असा एकच पुकारा होतो, भंडारा उधळतो आणि दहा-पंधरा सेकंदांत सारा खेळ आटोपतो. त्या प्रत्येक धांवेला ‘बारी’ म्हणतात. तेवढ्या बारीसाठीं मालक वर्षभर बैलाला पोटच्या पोरासारखा जपतो. मीं शिक्षकी केली त्या काळांत यात्रेच्या दिवशीं वर्गांत निम्मीं मुलें नसत. छडीचा धाक त्या दिवशीं चालत नसे, आणि खरें सांगावयाचें तर तो घालण्याची इच्छाही होत नसे.

हा खेळ आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हता. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील १०२ वें सूक्त मुद्गलाच्या शर्यतीचें आहे. त्यांत रथाला बैल जोडलेला आहे आणि सारथ्य त्याची पत्नी मुद्गलानी करते. ऐतरेय ब्राह्मणांत तर देवांचीच शर्यत लागली आहे. अग्नीनें खेंचरीं जुंपलीं, उषेनें तांबडे बैल, इंद्रानें घोडे. जिंकले मात्र गाढवांच्या रथांतून धांवणारे अश्विनीकुमार. पण त्या कथेंतील पुढील भाग मला अधिक मोलाचा वाटतो. त्या शर्यतींत खेंचरी वांझ झाली व गाढवाचा वेग कायमचा गेला, असें ब्राह्मणकार स्पष्ट नोंदवितो. विजय देवांना मिळाला आणि त्याची किंमत मुक्या जनावरांनीं दिली, हें त्याच्या नजरेंतून सुटलें नाहीं.

तीच गोष्ट आपल्या काळीं न्यायालयांत गेली. २०११ च्या जुलैंत केंद्र सरकारनें बैलाचा समावेश, ज्यांच्याकडून खेळ करवून घेतां येत नाहीं अशा प्राण्यांच्या यादींत केला. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें जल्लिकट्टू व बैलगाडा शर्यती दोन्ही बंद केल्या. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धांवण्यासाठीं नाहीं, हा त्या निकालांतील एक प्रमुख मुद्दा होता. शेपटी पिरगाळणें, काठ्यांनीं झोडपणें, टोंचणें हे प्रकारही न्यायालयापुढें आले. ते सर्वस्वी खोटे होते, असें घाट पाहिलेला कोणताही प्रामाणिक माणूस म्हणणार नाहीं.

पुढें २०१७ सालीं महाराष्ट्रानें कायद्यांत दुरुस्ती केली, तरी शर्यती लगेच सुरू झाल्या नाहींत. १६ डिसेंबर २०२१ रोजीं न्यायालयानें अटींवर परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या घटनापीठानें ती दुरुस्ती वैध ठरविली. म्हणजे साडेसात वर्षें घाट कायद्यानें ओस होते. ज्या वांसराला लहानपणापासून धांवण्यासाठीं वाढविलें त्याचें करावयाचें काय, हा प्रश्न त्या वर्षांत गोठ्यागोठ्यांतून पडला. कुकडीच्या कालव्यांनीं ऊंस व द्राक्षें आलीं, नांगराच्या जागीं ट्रॅक्टर आला. खिल्लार बैलाला शेतांत काम उरलें नाहीं. शर्यत नसेल तर हा देखणा गोवंश कोण पाळणार, हें बैलगाडा मालकांचें म्हणणें मला केवळ सबब वाटत नाहीं.

परंतु त्यांच्याच बाजूची दुसरी कड पाहा. २०१५ सालीं राज्यांत बैलांच्या कत्तलीस बंदी झाली. ती योग्य कीं अयोग्य, हा वाद येथें नको; पण धांव संपलेल्या बैलाला त्यानंतर गिऱ्हाईक दुर्मिळ झालें, ही वस्तुस्थिति आहे. घाटाचा राजा म्हणून ज्याची मिरवणूक निघाली, तो पुढें दहा-बारा वर्षें कोणाच्या दावणीला उभा राहणार? चांगला मालक त्याला मरेपर्यंत सांभाळतो. असे मालक मीं पाहिले आहेत. सगळेच तसे नसतात.

आणि खेळाचें स्वरूपही पालटत आहे. २०२२ च्या मे महिन्यांत पिंपरी-चिंचवडमधील चिखलीच्या मैदानावर जी प्रचंड शर्यत भरली, तिच्या बक्षिसांत जेसीबी यंत्र होतें. ज्या यंत्रांनीं बैलाचें काम काढून घेतलें, त्यांतलेंच एक बैलाच्या धांवेचें बक्षीस ठरावें, याला काय म्हणावें! गांवच्या यात्रेंत मान होता तो फेट्याचा व ढालीचा. शहरांतील मोकळ्या मैदानांत लाखांचीं बक्षिसें आलीं कीं चाबकाचा मोहही त्याच प्रमाणांत वाढणार.

कायद्याच्या अटी कडक आहेत: जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, बैलांची वैद्यकीय तपासणी, चाबूक-काठी वर्ज्य, आणि जनावराला वेदना दिल्यास पांच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. पण घाटावर हजारोंचा जमाव असतो, कांठावरची दोरी तेथें कोण जुमानतो? गाड्यावर हांकणारा नसतो, हें विसरूं नये. चार बैल बिथरून बाजूला वळले, तर पंधरा पावलांवरच्या मुलाला पळण्यास अवधि मिळत नाहीं.

म्हणून आमच्या घरांतील वडीलधाऱ्यांनीं मुलांना नेऊं नये असें मीं म्हणत नाहीं, जरूर न्यावें. कडेला उभें न करतां वरच्या टेंकाडावरून दाखवावें, आणि बारी संपल्यावर बैल बांधलेले असतात तेथें घेऊन जावें. त्यांच्या पाठीवर वळ आहेत कीं नाहींत, हें मुलांना स्वतःच्या डोळ्यांनीं पाहूं द्यावें. वळ दिसले तर यात्रा-कमिटीच्या मांडवांत जाऊन तेथल्या तेथें सांगावें. गांवांत आपल्या कुळाचें नांव अजून लोक ओळखतात. तें अशा वेळीं उपयोगीं पडतें.