ज्यांच्या हातात निर्णयच उरला नाही

१० मार्च २००० रोजी अमेरिकेतला नॅसडॅक ५,०४८ वर बंद झाला. ९ ऑक्टोबर २००२ रोजी तो १,११४ वर होता. या अडीच वर्षांवर पुष्कळ लिहिलं गेलं, बहुतेक सगळं लोभाबद्दल. मला मात्र वेगळाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. पडझड सुरू झाल्यावर निर्णय घ्यायला मोकळं होतं कोण?

हेज फंड चालवणारे ज्युलियन रॉबर्टसन तंत्रज्ञान शेअरांच्या त्या तेजीपासून दूर राहिले होते. त्यांचं म्हणणं खरंही ठरलं. पण तोवर त्यांच्या टायगर मॅनेजमेंटमधून लोक पैसे काढून घेत राहिले आणि ३० मार्च २००० रोजी, बाजार फिरल्यावर तीन आठवड्यांच्या आत, त्यांनी फंड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. मत बरोबर, पैसा दुसऱ्याचा. ॲमेझॉनचं उलट झालं. फेब्रुवारी २००० मध्ये तिने युरोपात रोखे विकून ६९ कोटी युरो उभे केले होते. पुढे शेअर ९० टक्क्यांहून अधिक पडला, तरी कंपनी तगली.

दलाल स्ट्रीटवर हाच फरक अधिक क्रूरपणे दिसला, कारण इथे बदला होता. शेअर घ्यायचा, पूर्ण पैसे भरायचे नाहीत. सौदापूर्तीच्या वेळी दुसरा कोणीतरी पैसे लावणार, आपण त्याचं व्याज द्यायचं आणि सौदा पुढे ढकलायचा. भाव चढत असेतो हे व्याज कुणाला जाणवतही नव्हतं. ब्रोकर केतन पारेख यांच्या ‘के-१०’ या लाडक्या शेअरांच्या गटातले हिमाचल फ्युचरिस्टिक, डीएसक्यू सॉफ्टवेअर, पेंटामीडिया हे शेअर याच हवेत वर गेले. त्यांच्या मागे अहमदाबादच्या माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँकेचा पैसाही होता, म्हणजे शेअरबाजाराशी काडीचा संबंध नसलेल्या ठेवीदारांचा.

भाव उतरला की फरक रोखीने भरावा लागे. नाही भरला तर ब्रोकर माल विकणार. त्या विक्रीने भाव आणखी उतरणार आणि पुढच्याला पैसे भरण्यासाठी फोन जाणार. लोअर सर्किट, म्हणजे दिवसातल्या घसरणीची मर्यादा, लागलं की घेणाराच नसे, म्हणजे तोटा पत्करून सुटण्याचीही सोय नाही. मार्च २००१ मध्ये माधवपुरा बँक कोसळली, ३० मार्चला पारेख यांना अटक झाली. बदल्यावर शेअर घेतलेल्या माणसाला ‘घाबरून विकू नका’ असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं. तो घाबरून विकत नव्हता, त्याचा माल विकला जात होता.

स्वतःच्या पैशाने शेअर घेतलेल्याला निदान विचार करायला वेळ होता. १० एप्रिल २००३ रोजी इन्फोसिस एका दिवसात चौथाईहून अधिक पडला. ज्यांनी तेव्हा कंपनीचे हिशेब वाचून शेअर ठेवला, त्यांचं भलं झालं. नुसता धीर मात्र पुरेसा नव्हता. के-१०मधले कितीतरी शेअर पडत्या भावात आणखी घेऊन ‘ॲव्हरेज’ करत बसलेल्यांचे पैसे परत आले नाहीत.

सगळ्यात जास्त खटकते ती युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाच्या यूएस-६४ची गोष्ट. १९६४ पासूनची ही योजना, निवृत्तांच्या पैशाची. एप्रिल-मे २००१ मध्ये मोठ्या कंपन्यांनी त्यातून हजारो कोटी रुपये काढून घेतले आणि २ जुलैला युनिट ट्रस्टने युनिटांची पुनर्खरेदी सहा महिन्यांसाठी थांबवली. ज्यांना आतली चाहूल होती ते सुटले, पोस्टातल्या ठेवीसारखा विश्वास ठेवणारे अडकले. गदारोळानंतर ३,००० युनिटांपर्यंत पैसे परत मिळण्याची वाट उघडली, पण आधी दार बंद झालं होतं ते त्यांच्याच तोंडावर.

त्याच २ जुलै २००१ पासून बाजार नियामक सेबीने बदलाही बंद केला. आज तशीच सोय मार्जिन ट्रेडिंगच्या नावाने मोबाइलवर एका बोटाच्या अंतरावर आहे. तुमच्या खात्यात उधारीवर घेतलेले शेअर असतील, तर ते किती भावाला आपोआप विकले जातील, हे बाजार शांत असतानाच ब्रोकरला विचारून घ्या.