नऊ तासांचा प्रबंध तीन मिनिटांत

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियातलं क्वीन्सलँड राज्य दुष्काळाने होरपळत होतं. पाणी वाचवायला अंघोळ झटपट उरका, असं लोकांना सांगितलं जाई, आणि कित्येक न्हाणीघरांच्या भिंतीवर तीन मिनिटांचं छोटं घड्याळ लागलेलं असे. क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधन-पदवी विभागाचे तेव्हाचे अधिष्ठाता अ‍ॅलन लॉसन यांनी त्यातून एक स्पर्धा काढली : थ्री मिनिट थीसिस. 2008 साली ती पहिल्यांदा भरली. आज शेकडो विद्यापीठांत भरते.

80,000 शब्दांचा प्रबंध वाचून दाखवायला सुमारे नऊ तास लागतील, असा आयोजकांचा हिशेब. स्पर्धकाला मिळतात तीन मिनिटं. पडद्यावर एकच स्लाइड, तीही हलती नाही. हातात कोणतीही वस्तू नको. कविता, गाणं, रॅप नको. वेळ ओलांडली की थेट बाद. वक्तृत्व स्पर्धेतल्या इशाऱ्याच्या घंटेवर वाढलेल्या आपल्या मुलांना हा नियम कठोर वाटेल. खरी शिकवण मात्र तोच देतो.

वर्गात एखाद्या पुस्तकाचा लेखी सारांश करताना विद्यार्थी सहसा परिच्छेदामागून परिच्छेद आखडत जातो आणि लेखकाचा मूळ दावा गर्दीत हरवतो. हाताशी तीनच मिनिटं आणि समोर त्या विषयातलं काही न कळणारा श्रोता असला की ही पळवाट बंद होते. आधीच्या संशोधनाचा आढावा पहिल्यांदा गळतो, मग परिभाषा. उरतं ते एवढंच : म्हणणं काय, कशाच्या जोरावर, आणि ऐकणाऱ्याला त्याचं काय?

कोणाचं तरी मन वळवू पाहणाऱ्या लेखनाला ही रीत विशेष मानवते. मराठीच्या वर्गात ‘शेतकऱ्याचा असूड’ घेऊन पाहावा. जोतीराव फुल्यांनी 1883 साली लिहिलेल्या या पुस्तकात धर्माच्या नावावरची लूट, सरकारी नोकरशाही, कर्ज, शेतसारा असा मोठा पसारा आहे. पण उपोद्घाताच्या सुरुवातीलाच त्यांनी विद्येच्या अभावापासून शूद्रांच्या अधोगतीपर्यंतची कारणांची साखळी काही थोडक्या शब्दांत बांधून ठेवली आहे. म्हणजे दाव्याचा सारांश लेखकानेच करून दिला! तो म्हणायला अर्धं मिनिटही लागत नाही. उरलेल्या अडीच मिनिटांत पुस्तकातला कोणता पुरावा घ्यायचा आणि कोणता सोडायचा, यावर मुलांना खुशाल भांडू द्यावं.